आबांच्या डोळ्यांचा प्रोग्राम

आबांनी नजरेने 'प' घेतला, त्याला काना दिला आणि प्रोग्राम कोसळला. पडदा क्षणभर पांढरा झाला, प्रोग्रामची खिडकी मिटली आणि मागे राहिलं ते लॅपटॉपसोबत आलेलं कुठल्यातरी परक्या डोंगराचं चित्र. 'पा' म्हणजे काय, ते कळायला मार्ग नव्हता. आईने पाणी समजून ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसले. मी पाय समजून पाय चोळले. मग दोघींनी मिळून पाऊस समजून खिडकी लावून घेतली. आबा छताकडे बघत राहिले. त्यांना काय हवं होतं, ते मला अजूनही माहीत नाही.

आबा म्हणजे माझे वडील. घराणं लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यातलं, शेतकरी, पण आबांची सगळी नोकरी रेल्वेत गेली. घाट चढताना गाडीला मागून ढकलायला जी इंजिनं लावतात त्यांना आमच्याकडे बँकर म्हणतात. आबा त्या बँकरचे ड्रायव्हर. निवृत्त होऊन ते गावातल्या घरी आले, भातखाचरात हौसेने राबायला लागले आणि एका पावसाळ्यात त्यांच्या हातातून कोयता गळायला लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसाच एकेक करून मरतायत आणि ह्यावर औषध नाही. आधी हात गेले, मग पाय, मग बोलणं. डोकं मात्र लख्ख होतं. शेवटी हलायचे ते फक्त डोळे, तेही जेमतेम.

मी पुण्यात एका कंपनीत प्रोग्राम लिहायचे. आबांचं बोलणं गेलं तशी लॅपटॉप उचलून कुरवंड्याला आले आणि तिथूनच काम करू लागले. डोळ्यांनी लिहायची तयार यंत्रं बाजारात मिळतात. आम्ही एक आणूनही पाहिलं, पण आबांची पापणी अर्धी खाली आलेली असायची आणि त्या यंत्राला त्यांचा डोळाच सापडायचा नाही. ते सारखं चेहरा समोर आणा, चेहरा समोर आणा म्हणत राहायचं. मी ते बंद करून कपाटावर टाकलं आणि म्हटलं, मीच लिहिते. चिडले की माझ्याकडून बरीच कामं होतात.

घाई एवढ्यासाठी होती की आता श्वासाचे स्नायूही थकत चालले होते. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि ती श्वास देणाऱ्या मशीनला जोडायची, मग बरीच वर्षं निघू शकतात, पण ती अशीच, पडून, डोळ्यांखेरीज काही न हलवता. नळी नको असेल तर श्वास हळूहळू कमी होत जाईल, आणि त्रास होऊ नये म्हणून औषधं देता येतील. 'पण हे तुम्ही नाही ठरवायचं,' त्यांनी बजावलं. 'त्यांना सगळं कळतंय. त्यांनाच विचारा.' आणि विचारायचं ते शुक्रवारपर्यंत. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांनी लोणावळा असा तुंबतो की कुरवंड्याहून निघालेली अँब्युलन्स बाजारातच अडकून पडावी. अचानक श्वास अडकला तर त्या दोन दिवसांत आम्हाला कोणी वाली नव्हता.

विचारा म्हणे. आमच्याकडे आजारी माणसाला विचारायची एक रीत आहे, प्रश्नातच उत्तर घालून विचारायचं. माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, रोज यायचा, खाटेवर वाकायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "दाजी, नळी घालायची ना? समद्यांची तीच इच्छा हाय." आबांची पापणी मिटायची. मामा आमच्याकडे वळून म्हणायचा, "बघा, व्हय म्हंत्यात." माणसाची पापणी मिटतेच. आबांचा तर तिच्यावर ताबाच राहिला नव्हता, ती आपल्या मर्जीने पडायची. एकदा संतापून मी मामाच्या देखत विचारलं, "आबा, मामाला विहिरीत ढकलायचं ना?" आबांची पापणी मिटली. मामा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आबा मात्र मनात हसले असणार, असं मी धरून चालले आहे.

वर बघा, खाली बघा, असल्या खुणाही करून झाल्या. बुबुळ हलायचं ते इतकं थोडं की मी म्हणायचे वर पाहिलं, आई म्हणायची हललंच नाही, आणि आमचीच जुंपायची. कॅमेऱ्याला मात्र ते कळायचं. कॅमेरा डोळ्यांची चित्रं घेत राहायचा, माझा प्रोग्राम प्रत्येक चित्रात बुबुळ शोधायचा आणि पडद्यावरच्या ज्या अक्षरांच्या गटाकडे नजर असेल तो गट मोठा करायचा. मग त्या गटातलं अक्षर निवडायचं. पण साध्या पद्धतीने हा हिशोब फार रेंगाळायचा. आबांची नजर 'त' वर पोचलेली आणि पडदा अजून 'क' वरच. दोन अक्षरांत त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागायचं. म्हणून मी प्रोसेसरच्या त्या खास सूचना वापरल्या, ज्या एकेक आकडा न घेता आठ आकडे एकदम उचलतात. प्रोग्राम पळायला लागला. आबांच्या नजरेबरोबर अक्षर हलायला लागलं. आणि त्याच दिवसापासून प्रोग्राम कोसळायला लागला.

"आगं, मगाशी तर चालत हुतं," आई म्हणायची. "आता काय झालं?"

"मला माहीत असतं तर मी अशी बसले असते का?" मी खेकसायचे.

एकदा तिने हातातलं काम बाजूला ठेवून, शेजारी बसून विचारलं तेव्हा मला समजावून सांगावंच लागलं. आईने पुष्कळ वर्षं लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात काम केलंय. तिथे गरम चिक्की पाटावर पसरतात आणि एकाच दांड्यावर बसवलेली अनेक पाती फिरवून एका झटक्यात पट्ट्या पाडतात. मी म्हटलं, "समज, अशी पाती आहेत जी पाटावरच्या खुणेपासूनच फिरवायची. चिक्की खुणेच्या जरा अलीकडे किंवा पलीकडे पसरली असली, तर ती वाकडं कापत नाहीत, सरळ मोडतात आणि कारखानाच बंद पडतो."

"मग खुनंवरच पसरायची."

"चिक्की मी नाही पसरत, आई. ती दुसराच पसरतो, आणि तो खुणेकडे बघत नाही."

"मग त्याला सांगायचं," आई म्हणाली आणि उठून कणीक मळायला गेली. अगदी बरोबर होतं तिचं. फक्त त्याला सांगायचं कसं, हे मला सापडत नव्हतं.

तो दुसरा म्हणजे कंपायलर, मी लिहिलेलं प्रोसेसरच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम. चालू कामाचे आकडे संगणक ज्या जागेत रचून ठेवतो तिला स्टॅक म्हणतात. आठ आकडे एकदम उचलणाऱ्या सूचनेचा हट्ट असा की आकड्यांची सुरुवात बत्तीसने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच, म्हणजे तशा क्रमांकाच्या जागेवरच हवी. माझा कंपायलर ती तिथेच असणार असं धरून चालायचा. त्या लॅपटॉपची सिस्टीम मात्र सोळाने भाग जाईल एवढीच हमी द्यायची. म्हणजे कधी नशिबाने जमायचं आणि कधी जमायचं नाही. आबांचं बोलणं ह्या नशिबावर टांगलेलं होतं.

पण हे मला कळलं फार नंतर. आधी मी चूक शोधायला जागोजाग ओळी घातल्या, इथे पोचलो, तिथे पोचलो असं छापून दाखवणाऱ्या. त्या ओळी घातल्या की प्रोग्राम गुणी बाळासारखा चालायचा. त्या काढल्या की कोसळायचा. ओळी घातल्याने स्टॅकवरची मांडणी सरकायची आणि योगायोगाने जमून जायचं, एवढंच होतं ते. मला वाटलं, मग राहू द्याव्यात त्या ओळी. आबांना बसवलं, त्यांनी 'आ' घेतला, 'ई' घेतला आणि पुन्हा तो परका डोंगर आला. आईला हाक मारायची होती का त्यांना? आई तिथेच उभी होती. "काय वो?" ती विचारत राहिली, "काय म्हंता?"

मग मी कोसळण्याच्या खुणा काढत काढत नेमक्या सूचनेपर्यंत पोचले. माझ्या आकड्यांसाठी जास्तीची जागा मागायची आणि हाताने सरकवून ते खुणेवर आणायचे, असं करून पाहिलं. माझे आकडे जागेवर बसले. पण कंपायलर मधल्यामध्ये स्वतःचेही आकडे स्टॅकवर टाकून ठेवतो, त्यांना मी हात लावू शकत नव्हते. प्रोग्राम त्यांच्यावर कोसळायला लागला. दुसरा कंपायलर आणला तर कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर त्याच्याशी जुळेना. कोसळला की आपोआप पुन्हा सुरू होईल अशी सोय केली, पण सुरू झाल्यावर प्रत्येक वेळी आबांना पडद्याच्या चारी कोपऱ्यांकडे बघून नजर जुळवून द्यावी लागायची. त्यातच ते दमायचे. धापेने त्यांची छाती वरखाली व्हायची आणि आई माझ्या हातातून लॅपटॉप काढून घ्यायची.

इंटरनेटवर शोधलं तर ही चूक फार जुनी निघाली. कितीतरी जणांनी तिच्याखाली लिहून ठेवलं होतं, माझंही असंच होतंय, माझंही. कोणाचा गेम मध्येच बंद पडत होता, कोणाचं गाण्याचं सॉफ्टवेअर. मी ते वाचत बसायचे आणि मला त्या सगळ्यांचा राग यायचा. एवढ्या लोकांना माहीत होतं आणि एवढी वर्षं कोणाचं काही अडलं नाही! माझ्याकडे माझा बाप अडला होता. आणि प्रत्येक वेळी पडदा गेला की ते हळूहळू नजर वळवून माझ्याकडे बघायचे. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं.

बुधवारी त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले. धुकं इतकं दाट होतं की अंगणातला फणस दिसत नव्हता, लाइट सकाळपासून ये-जा करत होती आणि लॅपटॉपची बॅटरी जुनी होती. मामा आला, चपला काढता काढताच म्हणाला, "सोड ते मशीन आता. लय झालं. डाक्टरला कळीव, व्हय म्हणाले म्हणून."

"कोण म्हणालं?"

"आमी समदे हितं हाय न्हवं? आमास्नी कळत न्हाई त्येंच्या मनातलं?"

मी मागच्या दाराने गोठ्याकडे गेले आणि गव्हाणीला धरून रडले. रडायची लाज वाटली नाही, पण डोक्यात तेव्हाही तो पत्ताच फिरत होता, बत्तीसने भाग जाणारा आणि न जाणारा, ह्याची वाटली. मामाचं ऐकावं असंही वाटून गेलं. त्याचं प्रेम खोटं नव्हतं. आबा त्याला धाकट्या भावासारखंच वागवत आणि वाढवत आले होते.

उपाय मिळाला तो गुरुवारी दुपारी, त्याच माझंही-माझंही लिहिणाऱ्यांच्या रांगेत, अगदी खाली. कोणी तरी एकच ओळ लिहून गेलं होतं, खाली कोणाची दादही नव्हती. कंपायलरला समजवायच्या भानगडीत पडू नका. तो जे लिहितो ते शेवटी असेंब्लर नावाच्या प्रोग्रामच्या हातून जातं, त्याला सांगा. जिथे जिथे 'खुणेवरूनच उचल' अशी सूचना दिसेल, तिथे तिच्या जागी 'असेल तिथून उचल' अशी सूचना लिहून टाक. दोन्ही सूचना प्रोसेसरला येतात आणि नव्या प्रोसेसरवर दोन्हींच्या वेगात फरक असा पडत नाही. हा काही इलाज नव्हता, शुद्ध पळवाट होती. आकडे जिथे पडायचे तिथेच वेडेवाकडे पडत राहणार होते. फक्त त्यावरून कोणी मोडून पडणार नव्हतं.

मी ती ओळ घातली, प्रोग्राम पुन्हा बांधला आणि आधी माझ्याच डोळ्यांनी लिहीत बसले. जे सुचेल ते लिहिलं. सगळ्या भाज्यांची नावं, बाराखडी, मामाला दोन शिव्या. चहाची वेळ झाली तरी तो कोसळला नाही. आई दारात येऊन बघत होती. "चाललं?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने तिथूनच देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. आमच्या दोघींच्याही मनात एकच होतं, हे मला आता कळतं. आबा हो म्हणतील आणि ते हो खरं असेल.

शुक्रवारी सकाळी आबांचं अंग पुसून झालं, उशा लावून त्यांना टेकवून बसवलं. मी लॅपटॉप समोर धरला आणि दोन्ही मार्ग त्यांना सांगितले, डॉक्टरांनी सांगितले होते तसेच, एकाही शब्दावर जोर न देता. नळी घातली तर काय होईल आणि नाही घातली तर काय होईल. शेवटी 'ना' न लावता विचारलं, "आबा, तुम्हाला काय हवंय?"

पहिल्यांदा 'न' आला. मी मनातल्या मनात 'नळी' पूर्ण करून टाकलं. आईनेही केलं असावं, कारण तिने माझा दंड धरला. मग नजर सरकली, पहिला गट मोठा झाला आणि 'क' आला. त्याला मात्रा आली, काना आला. नको.

बाहेर कौलांवरून पाणी पडत होतं.

"मशीन बिगाडलंय," आई म्हणाली.

"नाही गं. आता नीट चालतंय."

"परवापतुर उठता-बसता बंद पडत हुतं, आन् आज येकदम शानं झालं व्हय?" तिचा आवाज चढला. "बिगाडलंय ते. डाक्टरला फोन लाव आन् सांग, मशीन बिगाडलंय, आमाला काय कळलं न्हाई. नळी घाला म्हणावं."

"आई, बिघडलं की ते बंद पडायचं. चुकीचं अक्षर कधी लिहिलं नाही त्याने."

"तुला काय ठावं? 'पा' म्हंजे काय ते तरी कळलं का तुला?" ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "जलमभर तुजे आबा ह्येच सांगत आले मला. सिग्नल बिगाडलेला वाटला तर लाल समजायचा, गाडी फुडं न्ह्यायची न्हाई. आन् तू त्येंची पोरगी, असल्या मशीनच्या भरवश्यावर..." ती पदर तोंडाला लावून उभी राहिली.

फोन माझ्या हातातच होता. एक वाक्य बोलायचं होतं आणि ते सगळ्यांना पटलं असतं. प्रोग्राम कोसळतो हे डॉक्टरांना ठाऊक होतं, मामाला ठाऊक होतं, अख्ख्या आळीला ठाऊक होतं. माझ्या सगळ्या धडपडीतून मला आबांचं एक 'हो' हवं होतं, त्याच्याऐवजी हे हाती आलं होतं. मला ते नको होतं. मी डॉक्टरांचा नंबर काढला.

आणि तेव्हा पडदा हलला. आम्ही दोघी आबांच्या उशाशी उभ्या राहून त्यांच्याविषयी भांडत होतो आणि त्यांना सगळं ऐकू येतं, हे विसरून गेलो होतो. प्रोग्राम चालूच होता. 'नको'च्या पुढे जागा सुटली होती आणि तिथे 'म' आला होता.

आईला वाचता येतं, पण अक्षर लावून लावून. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. म. शी. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, श्वास तुटक झाला, मी लॅपटॉप बाजूला घेणार तोच आईने माझा हात दाबून धरला. न. मग बराच वेळ काही नाही. मग 'ब', मग 'र'. मी प्रोग्राममध्ये शब्द सुचवायची सोय केली होती. त्याने खाली लगेच 'बरोबर' पुढे केलं, एकदा नजर टाकली असती तर शब्द पूर्ण झाला असता. आबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. ते उकार शोधत गेले आणि आयुष्यभर जसं बोलले तसंच एकेक अक्षर करून लिहीत राहिले. माझी नजर प्रोग्रामच्या खिडकीवर खिळली होती. आता कोसळेल, ह्या अक्षराला कोसळेल, असं मी म्हणत होते, आणि माझं हे म्हणणं भीतीचं नव्हतं. तो कोसळला नाही.

"मशीन बरुबर हाय," आईने वाचलं.

तिने ते पुन्हा एकदा वाचलं, मनात, नुसते ओठ हलवत. मग पदराने आधी आबांचे डोळे पुसले, नंतर स्वतःचे, आणि खाटेच्या कडेला त्यांना चिकटून बसली. मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

"बंद नगं करूस," ती म्हणाली. "आनखी काय म्हंत्यात, बघू दे."